लिटर मोजले, उष्णता कोणी मोजायची? ग्राहक संरक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आणि महारेरा

विषय : इमारतीत सामाईक यंत्रणेतून विकल्या जाणाऱ्या गरम पाण्यासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे पावणेपाचला परळमधल्या आमच्या बावीस मजली इमारतीतले गरम पाण्याचे सगळे नळ गार पडले. यंत्रात बिघाड नव्हता. गच्चीवरचे हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारी यंत्रं) धडधाकट होते, सोलरचे पॅनेलही जागेवर होते. बिल्डर आणि पाणी तापवून देणारी कंपनी यांच्यात देण्याघेण्यावरून वाद चालू होता आणि आदल्या रात्री कंपनीच्या माणसाने मुख्य चावी बंद केली होती. लिफ्टजवळच्या फलकावर सूचना नव्हती, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही फोन नव्हता. उटणं लावून बसलेली मुलं मोरीत कुडकुडत होती. बाराव्या मजल्यावर दीड महिन्याची बाळंतीण होती. तिच्या सासूबाई गॅसवर पातेलं तापवून, दोन्ही हातांनी धरून, ओल्या फरशीवरून न्हाणीघरात नेत होत्या. मी दारातून ते पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

कोणी विचारेल, गिझर का नाही लावत? आमच्या न्हाणीघरात गिझरला लागणारी जाड वायर आणि सोळा अँपिअरचा पॉइंटच काढलेला नाही. गरम पाणी नळाला येणार आहे, गिझर कशाला, असं बांधतानाच ठरलं. ते ठरवताना आम्हाला कोणी विचारलं नाही.

मी कोण, ते सांगतो. बेस्टच्या वीज विभागात मी एकतीस वर्षं मीटर वाचले. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींचे जिने चढून, टॉर्चच्या उजेडात फिरत्या चकतीच्या मीटरवरचे आकडे वहीत उतरवले. मीटरवर लोकांचा राग असतो, पण त्याच्यावर भरवसाही असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. "मीटर पळतोय" अशी तक्रार आली की शेजारी चेक मीटर बसायचा आणि दोन्हींचे आकडे ग्राहकासमोर ताडून बघितले जायचे. निकाल ग्राहकाच्या विरुद्ध गेला तरी माणूस बहुतेक वेळा गप्प व्हायचा, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. हा भरवसा गरम पाण्याच्या बाबतीत कुठेच नाही, आणि तो का नाही हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सामाईक पद्धतीने पाणी तापवायला माझा विरोध नाही. घरोघरी गिझर लावण्यापेक्षा गच्चीवरचा हीट पंप तेवढीच उष्णता साधारण एक तृतीयांश विजेत देतो, सूर्य असेल तेव्हा तर त्याहून कमी. मुंबईच्या विकास नियमावलीतही सौर पाणी तापकाची तरतूद आहे. म्हणजे अशा इमारती वाढतच जाणार. पुनर्विकासाच्या गाळ्यात आलेले आमच्यासारखे लोक आणि विक्रीच्या फ्लॅटमध्ये लाखो रुपयांचं कर्ज काढून आलेले लोक, दोघांच्याही नळाला एकाच टाकीचं पाणी येतं आणि दोघांनाही दुसरा विक्रेता निवडता येत नाही. किराणा महाग वाटला तर मी समोरच्या दुकानात जातो. गरम पाणी महाग वाटलं तर कुठे जाऊ?

आमच्या मेंटेनन्सच्या बिलात एकच ओळ असते : गरम पाणी, इतके लिटर, दर लिटरला ४५ पैसे. प्रत्येक घराच्या गरम पाण्याच्या पाइपवर एक छोटा मीटर आहे. तो लिटर मोजतो आणि तेवढंच मोजतो. विकली जाते ती उष्णता. पाणी तर महापालिकेचं आहे, त्याचे पैसे आम्ही वेगळे भरतोच.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे शाळेत शिकवतात. मुंबईच्या नळाचं पाणी २७ अंशांचं धरलं आणि गरम पाणी ६० अंशांनी आलं, तर एका लिटरमध्ये ३३ किलोकॅलरी आल्या. तेच पाणी ४५ अंशांनी आलं तर फक्त १८. दर मात्र दोन्हींचा ४५ पैसेच. आता आंघोळीचा हिशेब करू. वीस लिटरची बादली ४२ अंशांची हवी असेल तर ३०० किलोकॅलरी लागतात. पाणी ६० अंशांचं असेल तर गरम नळाचे सुमारे ९ लिटर पुरतात, बाकीचं गार. पाणी ४५ अंशांचं असेल तर तीच बादली भरायला गरम नळाचे जवळजवळ १७ लिटर लागतात. पहिल्या बादलीचे चार रुपये, दुसरीचे साडेसात. म्हणजे कंपनीने पाणी जितकं कमी तापवलं, तितकं आमचं बिल वाढलं आणि तितकी तिची वीज वाचली. एकतीस वर्षांत मी नादुरुस्त मीटर पुष्कळ पाहिले. पण सेवा बिघडली की ग्राहकालाच जास्त पैसे भरायला लावणारा मीटर मी पहिल्यांदा इथे पाहिला.

यात आणखी एक भर आहे. टाकी गच्चीवर आणि उभा पाइप बावीस मजले खाली. पाइपातलं पाणी गार होऊ नये म्हणून एक छोटा पंप ते सतत फिरवत ठेवतो. पण तो पंप रात्री बंद ठेवला जातो, विजेची बचत म्हणून. एक इंची पाइपाच्या दर एक मीटर लांबीत साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. साठ मीटरच्या उभ्या पाइपात तीस लिटर. पहाटे खालच्या मजल्यावरचा जो कोणी पहिला नळ उघडेल, त्याच्या मीटरमधून हे रात्रभर गार झालेलं पाणी आधी जातं आणि गरम पाणी म्हणून त्याच्या नावावर चढतं. तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका राहतात. त्यांची पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणून त्या साडेचारला उठतात. त्यांचं गरम पाण्याचं बिल आमच्या मजल्यांवर सर्वांत जास्त आहे आणि त्या घरात माणसं दोनच आहेत. त्यांना वाटत होतं आपणच पाणी जास्त वापरतो, म्हणून त्यांनी मुलाला गार पाण्याने आंघोळ करायला लावली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी वही घेतली.

सहा महिने मी रोज तीन वेळा, पहाटे पाचला, सकाळी आठला आणि रात्री नऊला, माझ्या आणि त्यांच्या नळाचं तापमान मोजलं. थर्मामीटर साधाच आहे, पण उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासून घेतलेला. रात्री नऊला ५६-५८ अंश. पहाटे पाचला, पाच मिनिटं नळ सोडल्यानंतरही, कित्येक दिवस ४४ च्या वर गेलं नाही. वही घेऊन मी कंपनीच्या साइट मॅनेजरकडे गेलो. तरुण मुलगा होता, अदबीने बोलला. म्हणाला, "काका, मीटर बरोबर आहेत, टेस्ट करून बसवलेत." मी म्हटलं, "मीटर बरोबरच आहेत रे, पण ते चुकीची वस्तू मोजतायत." त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याला उत्तर द्यायला भाग पाडेल असा कागद माझ्याकडे नव्हता.

उष्णता मोजणारा मीटर काही अजब वस्तू नाही. पाण्याचा प्रवाह मोजणारं एक अंग, जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर एकेक तापमापक, आणि तापमानातला फरक व प्रवाह यांचा गुणाकार करून युनिट दाखवणारी छोटी पेटी. लोअर परळच्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या ऑफिसांत मध्यवर्ती एसीच्या थंड पाण्याचा हिशेब याच जातीच्या मीटरने होतो. घरोघरी तो बसवणं महाग पडत असेल, तर निदान गच्चीवर एक मुख्य उष्णता मीटर हवा आणि प्रत्येक घराच्या मीटरला ठरावीक तापमानाखालचे लिटर न मोजण्याची सोय हवी.

वजन-मापांवर नजर ठेवणारी वैध मापन शास्त्र यंत्रणा आपल्याच विभागाखाली आहे. दादरच्या भाजीवाल्याचा काटा ती तपासते, पेट्रोल पंपाच्या मापावर शिक्का मारते. आमच्या इमारतीतली उष्णता दर महिन्याला शेकडो घरांना विकली जाते, तिच्या मापावर कोणाचाही शिक्का नाही.

तक्रार कुठे करायची म्हणून मी बरेच कागद वाचले. विजेसाठी वीज कायदा २००३ आहे. त्याखाली प्रत्येक वीज कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवावा लागतो, त्यावर विद्युत लोकपाल असतो, आणि थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पाइपच्या गॅससाठी २००६ च्या कायद्याने आलेलं नियामक मंडळ आहे. बिल्डरसाठी महारेरा आहे. पण वीज किंवा गॅस जाळून, नाहीतर सूर्याच्या उन्हावर, तापवलेलं पाणी पाइपातून विकलं की ते ना वीज राहतं ना गॅस. गच्चीपर्यंत येणारी वीज विद्युत नियामक आयोगाच्या नियमात असते, आणि गच्चीवरून खाली येताना तीच ऊर्जा कोणाच्याच नियमात नसते.

१९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई केली आहे. त्या यादीत पाणी आहे, वीज आहे, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई आहे. दिवाळीच्या त्या सकाळी मी हे कलम कंपनीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, गार पाणी चालू आहे ना. १९६३ साली प्रत्येक घराचा बंब किंवा चूल आपापली होती. त्या वेळच्या कायद्याला गरम पाण्याचा विचार करायचं कारण नव्हतं. आज आहे.

तरीही आपल्या हातात एक चांगली दोरी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाची व्याख्या करताना विजेच्या किंवा अन्य ऊर्जेच्या पुरवठ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. 'अन्य ऊर्जा' या दोन शब्दांत आमचं गरम पाणी बसतं, असं मी मानतो. याच कायद्यात अन्यायकारक करार ही कल्पनाही आहे. मग जिल्हा ग्राहक आयोगात जा, असं कोणी म्हणेल. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या परिचारिकेच्या महिन्याच्या चार-पाचशे रुपयांसाठी तिने किती रजा घालवायच्या? आयोग तिच्यापुरता निकाल देईल. बिलावर काय छापायचं, पाणी किती अंशांचं द्यायचं, चावी बंद करण्याआधी किती दिवस सांगायचं, हे सगळ्या इमारतींसाठी आधीच लिहून ठेवावं लागतं, आणि ते काम शासनाचं आहे.

दुसऱ्या देशांत हे काम कसं झालं तेही पाहिलं. डेन्मार्कमध्ये सुमारे दोन तृतीयांश घरं पाइपाने येणाऱ्या सामाईक उष्णतेवर आहेत आणि तिथे १९७९ पासून उष्णता पुरवठ्याचा स्वतंत्र कायदा आहे. पुरवठ्याला जो खर्च खरोखर लागला तेवढाच दरात लावायचा, हे त्याचं मूळ सूत्र. ब्रिटनने मात्र उशीर केला, आणि तो उशीर आपण नीट पाहण्यासारखा आहे. तिथे अशा व्यवस्थेवर जवळपास पाच लाख घरं आहेत. २०१८ साली तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने अभ्यास करून सांगितलं की या ग्राहकांना नियामक हवा. नियम झाले नाहीत. २०२२ साली गॅसचे दर भडकले तेव्हा सरकारने घरगुती गॅस-विजेवर घातलेली दराची मर्यादा या घरांना लागूच झाली नाही, कारण त्यांच्या इमारतीसाठी गॅस व्यावसायिक कराराने घेतला जात होता. राहणारी माणसं घरगुती, पण खरेदी व्यावसायिक, म्हणून त्या मर्यादेचं संरक्षण नाही. मग २०२३ चा ऊर्जा कायदा आला, १ एप्रिल २०२५ पासून या ग्राहकांना लोकपालाकडे जाता येऊ लागलं आणि २७ जानेवारी २०२६ पासून वीज-गॅसचा तिथला नियामक, ऑफजेम, उष्णतेचाही नियामक झाला. पाच लाख घरं अडकल्यावर त्यांनी जे केलं, ते आपल्याला थोड्या घरांपासूनच करता येईल.

आपल्याकडे विजेच्या बाबतीत नमुनाही तयार आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने सोसायटीतली घरगुती वीज, जनरेटरची बॅकअप वीज आणि सामाईक जागेची वीज यांचं मोजमाप आणि बिल वेगवेगळं करायला सांगितलं. हाच न्याय गरम पाण्याला लावा. बेस्टच्या बिलावर स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, सगळं असतं आणि तक्रार कुठे करायची तेही असतं. गरम पाण्याच्या बिलावरही गच्चीवरच्या मुख्य मीटरचे युनिट, घरांच्या मीटरची बेरीज, या दोन्हींतली तूट, तापवायला लागलेली वीज आणि ती कोणत्या वर्गवारीच्या (घरगुती की व्यावसायिक) जोडणीतून घेतली, हे आलं पाहिजे. तूट किती टक्क्यांपर्यंत ग्राहकाने सोसायची याला मर्यादा हवी. पाइपावरचं आवरण फाटलं म्हणून वाया गेलेली उष्णता आम्ही का विकत घ्यायची?

आता मालकीचा मुद्दा, आणि इथे मला महारेराकडून उत्तर हवं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात सामाईक जागांच्या व्याख्येतच वीज, गॅस, पाणी, वातानुकूलन आणि अपारंपरिक ऊर्जा यांच्या मध्यवर्ती यंत्रणा मोजल्या आहेत. म्हणजे गच्चीवरचे ते पंप, टाक्या आणि पॅनेल शेवटी सोसायटीचे. आमच्या इमारतीत मात्र सोसायटीची नोंदणी होण्याआधीच बिल्डरने कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून टाकला. दरवर्षी ठरावीक टक्के दरवाढ, मध्ये मोडला तर भरपाई, आणि इमारतीत दुसऱ्या कोणाकडून गरम पाणी घ्यायला बंदी. आमच्या यंत्रातून आमचंच पाणी तापवून आम्हालाच विकण्याचा हक्क आमच्या सहीशिवाय दिला गेला. असा प्रत्येक करार सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीला यावा आणि सभेने नाकारला तर भरपाईशिवाय संपावा. घराची नोंदणी करतानाच, पार्किंग आणि क्लब हाउसच्या रंगीत चित्रांशेजारी, या कराराची मुदत आणि दर ग्राहकाला लेखी मिळावेत.

पाणी ठरावीक अंशांच्या खाली गेलं तर त्या दिवसाचं शुल्क आपोआप कमी व्हावं, अर्ज न करता. टाकीतलं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवण्याला आरोग्याचंही कारण आहे. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्धांना तो विशेष धोक्याचा. आमच्या इमारतीत सत्तरीपुढची माणसं पुष्कळ आहेत, मीही त्यांत आलोच.

पुरवठा बंद करण्याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात आहे. कंपनीचं भांडण बिल्डरशी असो की सोसायटीशी, ज्या घराने बिल भरलं आहे त्या घराचं पाणी गार पडता कामा नये. थकबाकी असलेल्या घरालाही विजेप्रमाणेच पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. बाळंतीण, आजारी माणूस, अपंग व्यक्ती असलेल्या घराचा पुरवठा तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तोडूच नये. आणि नव्या प्रत्येक न्हाणीघरात गिझरचा एक पॉइंट सक्तीचा करा. तो वापरायची वेळ येणार नाही कदाचित, पण तो भिंतीत आहे एवढ्यानेच विकणारा सरळ वागतो.

यासाठी नवा विभाग काढावा असं मी म्हणत नाही. नियम आपल्या विभागाने लिहावेत, मापावर शिक्का वैध मापन यंत्रणेने मारावा, दर आणि गाऱ्हाणी ऐकायचं काम विद्युत नियामक आयोगाकडे सोपवावं. त्यासाठी कायद्यात बदल लागला तर तो पुढच्या अधिवेशनात मांडावा. थंड पाण्याची मध्यवर्ती यंत्रणाही याच नियमात घ्यावी. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत एका मध्यवर्ती केंद्रातून अनेक इमारतींना थंडावा पुरवला जातो. मुंबईत ते घरांपर्यंत यायला फार काळ लागणार नाही.

माझी वही सहा महिन्यांच्या नोंदींनी भरलेली आहे. तारीख, वेळ, मजला, अंश, लिटर. बाराव्या मजल्यावरच्या आजी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका दोघींनी त्यांची बिलं मला दिली आहेत आणि ती दाखवायला त्यांची हरकत नाही. आपण वेळ द्याल त्या दिवशी मी हे सगळं घेऊन मंत्रालयात येईन. शक्य झाल्यास दुपारची वेळ द्यावी. परिचारिका ताईंची पाळी तीनला सुटते आणि त्यांना स्वतः बोलायचं आहे.

आपला,
एक निवृत्त मीटर वाचक
परळ, मुंबई